कव्हर बंद केलं तरी किंडल जागंच राहतं, बॅटरी रोज उतरते? रीसेट मारायच्या आधी कव्हर तपासा

किंडल, म्हणजे अमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, फुल चार्ज करून ठेवलं, आठवडाभरात वाचन जेमतेम तासभर झालं, आणि शनिवारी उघडून बघितलं तर बॅटरी लाल. ही तक्रार ओळखीतल्या इतक्या जणांकडून येते की आता सगळं एकदाच नीट लिहून ठेवते. बहुतेक जण एकाच निष्कर्षावर येतात, किंडल जुनं झालं, बॅटरी गेली. मग रीस्टार्ट, त्याने नाही भागलं की फॅक्टरी रीसेट, त्यात केबलने टाकलेली पुस्तकं उडतात, वायफाय, फॉन्ट साइज, सगळं परत लावत बसायचं आणि चार दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. माझं ठाम मत आहे की अशा वेळी पहिला संशय कव्हरवर घ्यायचा, त्यातही ते कव्हर दिसायला सुंदर म्हणून ऑनलाइन पटकन घेतलेलं असेल तर नक्कीच. दिसणं महत्त्वाचं नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये, रोज हातात धरायची वस्तू आहे ती, छान दिसलीच पाहिजे, पण रंग-डिझाइन निवडायचं ते सगळ्यात शेवटी, आधी दोन-तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

हे चालतं कसं ते समजलं की निम्मी भानगड तिथेच सुटते. कव्हरच्या पुढच्या फ्लॅपमध्ये, साधारण मोकळ्या कडेला, एक-दोन चपटे मॅग्नेट आत शिवलेले किंवा चिकटवलेले असतात. आणि किंडलच्या आत, स्क्रीनच्या भोवतीच्या पट्टीखाली कुठेतरी एक बारीकसा हॉल सेन्सर असतो. एडविन हॉल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ साली जो परिणाम शोधला त्याच्यावरच हे चालतं, म्हणजे चुंबक जवळ आलं की सेन्सरला ते कळतं. मॅग्नेट जवळ आहे म्हणजे कव्हर बंद, झोपा. मॅग्नेट लांब गेलं म्हणजे कव्हर उघडलं, उठा. बस, सेन्सरला एवढंच कळतं. कव्हर खरंच उघडलंय की बॅगेत फ्लॅप नुसता जरासा सरकलाय हे त्याला कळायचा काही मार्गच नाही. २०११ मध्ये आयपॅड २ च्या स्मार्ट कव्हरने ही पद्धत लोकांच्या सवयीची केली, २०१२ च्या पहिल्या पेपरव्हाइटच्या (किंडलचं समोर लाइट असलेलं मॉडेल) कव्हरमध्येही ती आली, आणि आता साध्या टॅबलेटच्या कव्हरवरसुद्धा ऑटो स्लीप-वेक असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. छापलेलं असतं, नीट चालेलच याची खात्री मात्र नसते.

आता बॅटरी का उतरते ते बघा. किंडलच्या ई-इंक (कागदावरच्या शाईसारख्या दिसणाऱ्या) स्क्रीनला चित्र नुसतं धरून ठेवायला वीज लागत नाही, पान बदललं की तेवढ्यापुरती लागते, म्हणून झोपलेल्या किंडलवर पुस्तकाचं मुखपृष्ठ दिसत राहतं त्याने काही बॅटरी जात नाही (हे पण खूप जण विचारतात, काळजी करू नका). वीज खातात ती समोरची लाइट आणि वायफाय. फ्लॅप सरकला, किंडल उठलं, लाइट लागली, वायफाय जोडलं, काही मिनिटांनी ते स्वतःच झोपलं, पुढच्या खड्ड्यात बॅग हलली की परत उठलं. एसटीच्या किंवा लोकलच्या एका प्रवासात असं किती वेळा होत असेल विचार करा, आणि हे सगळं बंद कव्हरच्या आत चाललेलं असतं, आपल्याला पत्ताच नाही.

मग तपासायचं कसं. रात्री खोलीतला लाइट पूर्ण बंद करा, पडदे ओढा, किंडलचा ब्राइटनेस बऱ्यापैकी वर नेऊन ठेवा आणि कव्हर बंद करा. कडेने बघत राहा, उजेडाची बारीक रेघ दिसली तर ते झोपलेलंच नाही. रेघ नसेल तर आता फ्लॅपला अंगठ्याने किंचित वर, किंचित खाली, मग थोडं आडवं सरकवा, जास्त जोर नाही, बॅगेत जेवढा धक्का लागेल तेवढाच. दोन-तीन मिलीमीटर सरकवल्यावर कडेने उजेड फुटला तर चोर सापडला. ही एवढी चाचणी केली तरी बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

तरी खात्री करून घ्यायची असेल तर किंडल कव्हरमधून बाहेर काढा, बटण दाबून झोपवा, बॅटरीचा आकडा लिहून ठेवा आणि दोन रात्री तसंच उघडं ठेवा, मग तितकाच वेळ कव्हरमध्ये घालून बॅगेत फिरवा आणि तुलना करा. फक्त एक लक्षात असू द्या, नुकतीच एकदम पन्नास-साठ पुस्तकं टाकली असतील तर किंडल आतल्या आत त्यांचं इंडेक्सिंग (शोधासाठी शब्दांची यादी) करत बसतं आणि तेव्हा बॅटरी उतरतेच, तो दोष कव्हरच्या माथी मारू नका, ते संपू द्या आणि मग चाचणी घ्या. आणि कव्हरशिवाय ठेवूनही बॅटरी तशीच धपाधप उतरत असेल तर मात्र बॅटरीचा किंवा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे, पुढचं वाचून उपयोग नाही, सर्व्हिसशी बोला.

आता कव्हरमध्ये नेमकं बिघडलेलं काय असतं. सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते चुकीच्या मॉडेलचं कव्हर. पेपरव्हाइट म्हटलं की पेपरव्हाइटच असं दुकानदारालाही वाटतं आणि आपल्यालाही, पण आकडे बघा. २०१८ चं पेपरव्हाइट ६ इंची स्क्रीनचं, बॉडी १६७ बाय ११६ मिलीमीटर. २०२१ चं ६.८ इंची, १७४ बाय १२५. २०२४ चं ७ इंची, साधारण १७७ बाय १२७.५. म्हणजे शेवटच्या दोघांत उंचीला आणि रुंदीला अडीच-तीन मिलीमीटरचा फरक, नुसत्या डोळ्यांना कळतसुद्धा नाही, आणि मऊ टीपीयूच्या (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकच्या) कव्हरमध्ये जरा ताणून-दाबून बसवलं की बसल्यासारखं वाटतं. पण बसलं म्हणजे जुळलं नव्हे, दोन मिलीमीटरने सेन्सर आणि मॅग्नेटची चुकामूक होते आणि मग वर सांगितलेलं सगळं सुरू. त्यात जनरेशनचा आकडा आणखी गोंधळ घालतो, कारण अकरावी जनरेशन म्हटलं तर २०२१ चं पेपरव्हाइटही अकरावं आणि २०२२ चं साधं ६ इंची किंडलही अकरावं. म्हणून ऑर्डर करताना नुसती जनरेशन बघू नका, नाव, साल आणि स्क्रीनचा इंच तिन्ही जुळवा. आपल्याकडचं नक्की कुठलं आहे हे सेटिंग्जमधल्या डिव्हाइस इन्फोमध्ये किंवा अमेझॉन अकाउंटच्या डिव्हाइसच्या यादीत सापडतं, आणि ते नाही जमलं तर सरळ पट्टी घेऊन मिलीमीटरमध्ये लांबी-रुंदी मोजा, पट्टी खोटं बोलत नाही.

दुसरं कारण, आणि हे पटकन लक्षात येत नाही, ते म्हणजे स्क्रीन गार्ड. टेम्पर्ड ग्लास लावली की फ्लॅप आणि सेन्सर यांच्यातलं अंतर वाढतं, मॅग्नेट मुळात कमजोर असेल तर तेवढ्यानेच खेळ बिघडतो. मोबाइलची सवय असल्यामुळे आपण काही घेतलं की पहिली काच लावतो, पण फ्लॅपवालं कव्हर असेल तर किंडलला काचेची गरज आहे असं मला वाटत नाही, उलट ई-इंकचा तो कागदासारखा मॅट गुण जातो आणि ट्यूबलाइट चकाकायला लागते. काढून टाका आणि परत अंधारातली चाचणी घ्या.

तिसरं कारण पॉवर बटण. पेपरव्हाइटचं बटण खालच्या कडेला असतं, आणि घट्ट कव्हरमध्ये त्या जागेची खाच थोडी जरी हुकली तरी कव्हरची कड बटणावर टेकून राहते, बॅग दाबली की बटण दाबलं जातं. खाचेत डोकावून बघा, बटण चारही बाजूंनी मोकळं दिसलं पाहिजे. नसेल तर धारदार कटरने खाच मिलीमीटरभर वाढवता येते, मात्र किंडल बाहेर काढून, आत असताना नको.

मग उपाय काय, की गेले पैसे? दर वेळी नवीन कव्हर घ्यायची गरज नसते. फ्लॅप सरकत असेल आणि बाकी कव्हर छान असेल तर त्याला एक रुंद इलॅस्टिक लावून घ्या, डायरीला असतं तसं, कुठलाही चप्पल-बॅग दुरुस्त करणारा दहा मिनिटांत शिवून देतो. मॅग्नेटच कमजोर असेल तर आधी सेन्सर कुठे आहे ते शोधा, फ्रिजवरचा गोल काळा मॅग्नेट घ्या (कागदासारखे पातळ असतात ते नको, त्यांच्यात दम नसतो) आणि चालू किंडलच्या कडेने हळूहळू फिरवा, जिथे स्क्रीन झोपते ती जागा, तिथे पेन्सिलने कव्हरच्या आतल्या बाजूला खूण करा. मग एक मिलीमीटर जाडीचा छोटा निओडिमियम मॅग्नेट (लहान पण ताकदवान असतो) फ्लॅपच्या आतून त्या खुणेवर ठेवून वरून पातळ फेल्टचा तुकडा चिकटवा. हे मॅग्नेट पुण्यात पासोड्या विठोबाच्या बाजूला, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात, ऑनलाइन पण मिळतात. फेल्ट लावायचा कंटाळा करू नका, उघडा मॅग्नेट स्क्रीनवर घासतो. मॅग्नेटने किंडलमधली पुस्तकं पुसली जातील का हा प्रश्न हमखास येतो, तर नाही, आतली मेमरी फ्लॅश असते, तिला एवढ्याशा मॅग्नेटने काही होत नाही. मात्र कार्ड ठेवायच्या कप्प्याचं कव्हर असेल तर त्यात काळ्या पट्टीचं कार्ड, हॉटेलच्या खोलीचं कार्ड वगैरे ठेवू नका, त्या पट्टीतली माहिती जाऊ शकते. आणि एक महत्त्वाचं, घरात कोणाला पेसमेकर असेल तर मॅग्नेटवाल्या कव्हरचं किंडल किंवा टॅब छातीवर उपडं ठेवून झोपायची सवय मोडायला लावा, निदान वीतभर अंतर राहू द्या आणि त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. आजी-आजोबांसाठी मॅग्नेट नसलेलं साधं पाऊच जास्त बरं.

नवीन कव्हर ताठ असतं, नीट मिटत नाही, हे पण ऐकू येतं. त्यावर लोक काय करतात, तर किंडल आत ठेवून वर चार जाड पुस्तकांचा ढीग ठेवतात. कृपा करून हे करू नका!! ई-इंकच्या पडद्यात आत पातळ काच असते, आणि ती वरून टॅबलेटसारखी तडकलेली दिसत नाही, बाहेरून सगळं धडधाकट दिसतं आणि आत अर्ध्या स्क्रीनवर जुनंच चित्र गोठून राहतं नाहीतर उभ्या-आडव्या रेघा येतात. दाबामुळे गेलेली स्क्रीन फिजिकल डॅमेज धरतात, वॉरंटीत बसत नाही. कव्हर मऊ करायचं तर ते रिकामं करा, कणा दोन्ही बाजूंना हळूहळू वाकवा, रात्रभर उलटं दुमडून रबरबँड लावून ठेवा, सरळ होतं.

टॅबलेटमध्ये याच्या उलटी तक्रार जास्त येते, म्हणजे कव्हर मागे दुमडलं की स्क्रीन मध्येच बंद पडते. रेसिपी बघत हात कणकेत आहेत आणि स्क्रीन काळी. कारण तेच, फ्लॅप मागे गेला की त्याच्यातला मॅग्नेट बरोबर सेन्सरच्या पाठीशी येतो, आणि टॅब हल्ली सहा-सात मिलीमीटरचेच असतात, जोरदार मॅग्नेट असेल तर पलीकडून पोचतो. आयपॅडमध्ये याचा सोपा उपाय सेटिंग्जमध्येच आहे, डिस्प्ले अँड ब्राइटनेसमध्ये लॉक-अनलॉकचं बटण आहे, ते बंद केलं की कव्हरने झोपणं-उठणं बंद, मग पॉवर बटण वापरायचं. ते बटण दिसतच नसेल तर आयपॅडला अजून मॅग्नेटवालं कव्हर ओळखताच आलेलं नाही असं समजा. सेटिंग बदलायचं नसेल तर फ्लॅप पूर्ण मागे न चिकटवता त्रिकोणी स्टँड करून ठेवा, नाहीतर मध्ये एक जाड पुठ्ठा सरकवा, अंतर वाढलं की प्रश्न मिटतो.

आणि मॉडेलचा गोंधळ टॅबमध्ये किंडलपेक्षाही जास्त. आयपॅडची दहावी जनरेशन आणि आयपॅड एअरची चौथी-पाचवी, सगळे १०.९ इंची, शेजारी ठेवले तर भाऊ-भाऊ वाटतील, पण पहिला ७ मिलीमीटर जाड आणि एअर ६.१, लांबी-रुंदीतही मिलीमीटरभर फरक, पुढचा कॅमेरापण वेगळ्या कडेला, एकाचं कव्हर दुसऱ्याला नीट बसत नाही. उलट सातवी, आठवी, नववी जनरेशन, तिघांचं एकच माप, एक कव्हर तिघांना चालतं, ते माहीत नसल्यामुळे नवव्यासाठी कव्हर मिळत नाही म्हणून शोधत बसलेले लोक मी बघितलेत. सॅमसंगमध्ये टॅब ए७ आणि टॅब एस६ लाइट, दोन्ही १०.४ इंची आणि दोन्हींच्या बॉडी वेगळ्या. तात्पर्य काय, तर इंच हा स्क्रीनचा असतो आणि कव्हर बॉडीला बसवायचं असतं. मॉडेल नंबर आयपॅडच्या पाठीवर बारीक अक्षरात ए पासून सुरू होणारा छापलेला असतो, जनरल आणि मग अबाउटमध्येही सापडतो, तोच विक्रेत्याच्या यादीशी जुळवायचा. पेन्सिल असेल तर आणखी एक बघा, दुसऱ्या जनरेशनची ॲपल पेन्सिल आयपॅडच्या कडेला चिकटून चार्ज होते, ती कड झाकणारं जाड कव्हर घेतलं तर चार्जिंग बंद, कड मोकळी ठेवणारं किंवा पेन्सिल वरून पकडणारं कव्हर हवं.

आता छान दिसणाऱ्या कव्हरांकडे येते, कारण खरा पैसा इथे वाया जातो. आपल्या हवेत सगळ्यात फसवं मटेरियल म्हणजे पीयू लेदर, ज्याला दुकानात नुसतं लेदर म्हणतात. ते म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर, आणि दमट हवेत तो थर हळूहळू विघटित होत जातो, आधी कोपऱ्यावर चिकट लागतं, मग कण्यावर भेगा, मग पापुद्रे. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा, इथे राहणाऱ्यांना सोफ्याच्या आणि बॅगांच्या पापुद्र्यांची सवय आहे, कव्हरचंही तेच होणार. कपाटात बंद करून ठेवलं तर आणखी लवकर. विदर्भात-मराठवाड्यात कोरडी हवा असल्यामुळे तेच कव्हर जास्त टिकतं, पण तिथे उन्हाचा प्रश्न, गाडीत डॅशबोर्डवर ठेवलं की पीयू कडक होऊन तडकतं. टॅबचंही तसंच, ॲपल स्वतः सांगतं की आयपॅड ३५ अंशापर्यंतच्या हवेत वापरा, आणि नागपूर-अकोल्याचा मे महिना आपल्याला माहीत आहे, तेव्हा जाड रबरी कव्हरसकट चार्जिंगला लावू नका, कव्हर काढून लावा.

खरं चामडं टिकतं आणि वापरून वापरून सुंदर होत जातं, मला स्वतःला तेच सगळ्यात आवडतं, पण पावसाळ्यात त्याच्यावर पांढरी बुरशी येते. आली तर घाबरू नका, कोरड्या सुती फडक्याने बाहेर गॅलरीत पुसून काढा (घरात झटकलं तर ती पसरते), सावलीत वाऱ्यावर वाळवा, उन्हात नको, आणि कपाटात ठेवताना बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत ठेवा. सॅनिटायझरने पुसायचा मोह टाळा, रंग उतरतो. पेपरव्हाइट २०१८ पासून वॉटरप्रूफ आहे, आयपीएक्स८, पण ते किंडल, कव्हर नाही. भिजलं तर किंडल लगेच कव्हरमधून बाहेर काढायचं आणि दोन्ही वेगवेगळं वाळवायचं, ओल्या कव्हरमध्ये तसंच ठेवलं की वास आणि बुरशी दोन्ही. पारदर्शक टीपीयू ऊन-उजेडाने पिवळं पडतं, ते पुसून जात नाही, म्हणून पारदर्शकपेक्षा गडद किंवा दुधी रंग घ्या. आणि पांढरं, फिकट गुलाबी पीयू घेत असाल तर जीन्सच्या निळ्या डागांची तयारी ठेवा.

वजनाकडे कोणी बघतच नाही. २०२१ चं पेपरव्हाइट २०५ ग्रॅम, आणि स्टँड, हातपट्टी, कार्डाचा कप्पा असं सगळं असलेली कव्हरं सहज दीडशे ग्रॅमच्या वर जातात, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. बसून वाचणाऱ्याला चालेल, पण डोंबिवलीहून उभ्याने येणारा माणूस एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने वाचतो, त्याच्यासाठी हलकं कव्हर आणि मागे चार बोटं जातील अशी पट्टी एवढंच हवं. स्टँडवालं कव्हर जेवताना वाचणाऱ्यांना खरंच सोयीचं आहे, घ्यायचं तर तो उपयोग नक्की असेल तरच घ्या. आणि पुढच्या बाजूने उंच कड येणारं कव्हर किंडलला नको, पान उलटताना अंगठा त्या कडेला अडखळतो.

माझी मनापासूनची शिफारस मात्र वेगळी आहे. ज्यांना सुंदरच हवंय आणि मॅग्नेटच्या भानगडीत पडायचं नाही त्यांनी पाऊच शिवून घ्यावं. किंडल बटणाने झोपवायचं, पाऊचमध्ये सरकवायचं, विषय संपला, फ्लॅपच नाही तर सरकणार काय. ब्लाउज शिवून उरलेला खण, इरकलीचा काठ, अजरख, काहीही चालतं, आणि असं पाऊच दुसऱ्या कोणाकडे नसतं. आमच्या इथल्या शिंपीकाकांकडे मी गुळेदगुड्डचा जांभळा खण घेऊन गेले तेव्हा त्यांनी पहिलंच विचारलं, "बकरम घालू का फोम?" मी सांगितलं बकरम नको, फोम फक्त मागे आणि पुढे पुठ्ठा. कारण फोमने धक्का बसत नाही हे खरं, पण बॅगेत डब्याचा कोपरा किंवा छत्रीची मूठ एकाच ठिकाणी रुतते तेव्हा फोम दबतो आणि जोर थेट स्क्रीनवर जातो. स्क्रीनच्या बाजूला परीक्षेच्या पॅडसारखा कडक पुठ्ठा असेल तर तो जोर पसरतो. काकांनी अस्तराच्या आत पुठ्ठ्यासाठी वेगळा खिसाच केला, धुताना पुठ्ठा काढता यावा म्हणून, ही त्यांची कल्पना, मला सुचली नव्हती.

मापाचं सांगते, म्हणजे तुम्हाला शिंप्याला नीट सांगता येईल. २०२१ च्या पेपरव्हाइटसाठी अस्तर लावून झाल्यावर आतली मोकळी जागा रुंदीला साडेपाच इंच आणि लांबीला साडेसात इंच, सपाट ठेवून मोजलेली. किंडलची रुंदी, अधिक त्याची जाडी, अधिक सहा-सात मिलीमीटर सैलपणा, असा हिशेब. पुठ्ठ्याच्या खिशाची जाडी धरायला विसरू नका, शिंप्याकडे जाताना किंडल आणि पुठ्ठा दोन्ही घेऊन जा. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर त्याच हिशेबाने मोजा. जरीची बाजू बाहेरच राहिली पाहिजे, आत साधं सुती फ्लॅनेल, जरीने स्क्रीनवर ओरखडे येतात. चेन लावायची तर प्लास्टिकची, आणि आतून कापडाची पट्टी, म्हणजे सरकवताना दात स्क्रीनला लागणार नाहीत. खण किंवा कलमकारीचा रंग जातो का हे शिवायच्या आधीच बघा, पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासा, रुमालाला रंग लागला तर आधी वेगळं धुऊन, वाळवून मगच शिवायला द्या. पावसात नेताना पाऊच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, घरी आल्यावर लगेच बाहेर काढा.

लहान मुलांच्या टॅबसाठी यातलं काही कामाचं नाही, तिथे जाड ईव्हीए फोमचं, मूठ असलेलं कव्हर घ्या, दिसण्याचा विचार सोडा, स्पीकरची भोकं उघडी आहेत एवढं बघा.

आणि ऑनलाइन मागवलेलं कव्हर आलं की त्याच रात्री अंधारातली चाचणी घ्या, अंगठ्याने फ्लॅप सरकवून बघा, बटणाची खाच बघा, मागे दुमडून स्क्रीन बंद पडते का बघा, पाच मिनिटांचं काम आहे. रिटर्नची मुदत बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांची असते आणि बॅटरीचा त्रास लक्षात यायला त्याहून जास्त दिवस जातात, म्हणून तोवर खोकं, आतली प्लास्टिकची पिशवी आणि बिल फेकू नका.